पाण्याची पैज

“संपली बघ,” म्हणत वन्संनी पाण्याची बाटली माझ्यासमोर उलटी धरली. एक थेंब तेवढा टपकला, तोही जणू पुरावा म्हणून.

“सकाळपासून तिसरी,” मी म्हणाले.

“तिसरी का तेरावी, तूच मोज. मला तिकिटं फाडायची सवय हाय, बाटल्या मोजायची न्हाई.”

मालनवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एसटीत कंडक्टर. त्यांचे मालक ड्रायव्हर होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी वन्संना नोकरी मिळाली. तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या एकूण एक खड्ड्यावरून त्या उभ्यानं गेलेल्या. आवाज असा, की घरात नुसतं “सरक जरा” म्हणाल्या तरी भिंतीनंसुद्धा अंग चोरावं.

त्या उन्हाळ्यात त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. शहरातल्या हॉस्पिटलात सहा आठवडे राहायला लागणार होतं. मुलगा फौजेत, सून बाळंतीण. राहिले मी. मी घरी ब्लाऊज शिवते, म्हणजे घरीच असते, म्हणजे मोकळी असते, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. माझ्या मशीनवर अर्धी बाही तशीच राहिली आणि मी वन्संबरोबर गाडीत बसले.

हॉस्पिटलच्या मागं एक धर्मशाळा होती. तिथली खोली म्हणजे दोन खाटा, आणि मधे एवढीच जागा की एकीला जायचं तर दुसरीनं पाय वर घ्यायचे. खिडकी होती, पण रंग देताना पल्ले चौकटीला चिकटले होते. पहिल्याच दिवशी वन्संनी तिला खांदा लावून बघितला. ती हलली नाही. “जेलच हाय की गं,” म्हणाल्या आणि खाली बसल्या. दाराबाहेर एका फुटक्या बादलीत वॉचमनकाकांनी गवती चहा लावला होता. ती आमची बाग.

उपचार कसे होणार ते डॉक्टर सुखटणकरबाईंनी समजावून सांगितलं होतं. तरुण होत्या, पण बोलताना घाई नव्हती.

“रोज लाईट, म्हणजे रेडिएशन. शनिवार-रविवार सुट्टी. आणि आठवड्यातून एकदा ही केमोची सलाईन. ही दोन कामं करते, मावशी. एक तर स्वतः गाठीला मारते. आणि जी गाठ उरते तिला इतकं हळवं करून ठेवते, की तीच लाईट तिला जास्त लागते.”

वन्संनी डोकं हलवलं. “म्हणजे कैरीच्या फोडींना आधी मीठ चोळायचं, मग उन्हात टाकायच्या.”

डॉक्टर हसल्या. “तसं धरा. ऊन तेच, पण मिठानं काम सोपं होतं.”

“मग मीठ झोंबणार.”

“झोंबणार. किडनीला जास्त. म्हणून दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. किडनी कुरकुरली तर मला हे औषध थांबवावं लागेल.”

पाण्याचं आणखी एक होतं. लाईटला जाण्याआधी लघवी करून यायचं, मग बाटलीभर पाणी प्यायचं आणि पाऊण तास तसंच धरून बसायचं. लघवीची पिशवी फुगली की आतडी वर सरकतात, लाईटच्या वाटेतून बाजूला होतात. टेबलावर आडवं झालं की मग हलायचं नाही. दार बंद. आत आपण एकटं, बाहेरून मशीनवाल्याचा आवाज तेवढा येणार.

मशीनवाला निघाला आमच्याच भागातला. समाधान नाव. पहिल्याच दिवशी वन्संना बघून थबकला.

“मॅडम, तुम्ही आमच्या कॉलेजच्या गाडीवर होता ना? पास संपला म्हणून मला माळावर उतरवलं होतं तुम्ही.”

“संपला होता का न्हाई पास?”

“संपला होता.”

“मग?”

“मग काय, चालत गेलो घरी.”

“तब्येतीला चांगलं असतं,” वन्सं म्हणाल्या आणि राणीसारख्या आत गेल्या. तो पोरगाही हसला. मला वाटलं, चला, ओळखीचं कुणी तरी आहे.

दोन सलाईनी पार पडल्या. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, पण वन्सं तक्रार करणाऱ्या नव्हत्या. उलट गप्प झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच गप्प, हे मला आज कळतं. तेव्हा मी ते औषधाच्या खात्यावर टाकलं होतं.

तिसऱ्या सोमवारी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला हातानंच थांबवलं.

“किडनीचं क्रिएटिनिन वाढलंय. आज द्यायची नाही.” मग वन्संकडं बघून, “पाणी पिता ना, मावशी?”

“पिते की. हिला विचारा.”

मी छातीठोकपणे साक्ष दिली. “रोज बाटल्या संपतात, डॉक्टर. मी स्वतः बघते.”

“मग मला कळत नाही.” त्यांनी रिपोर्ट परत बघितला. “गुरुवारी पुन्हा रक्त घेऊ. उतरलं तर सलाईन देऊ. नाही उतरलं तर हे औषध बंद करून नुसती लाईट चालू ठेवावी लागेल.”

“नुसत्या लाईटनं बऱ्या होत नाहीत का?” मी विचारलं.

“होतात काही जणी. पण दोन्ही मिळून जे होतं ते एकट्या लाईटनं होत नाही. तुमच्या मावशींची गाठ मोठी आहे. मला ते औषध सोडायचं नाहीये.”

आम्ही धर्मशाळेत परत आलो. दाराशी वॉचमनकाका खुर्ची टाकून बसले होते. उन्हानं डांबर वितळत होतं, समोरचा कडुलिंब धुळीनं पांढरा पडला होता, आणि फुटक्या बादलीतला गवती चहा मात्र कंबरेएवढा झाला होता.

“तुमच्या मावशींचा हात लई चांगला बघा,” काका मला म्हणाले. “रोज न चुकता बाटल्या घालतात. माझ्याच्यानं एवढं झालं नसतं.”

वन्सं आत गेल्या. मी बादलीकडं बघत उभी राहिले. त्याच चहाची पात मी रोज सकाळी दुधात टाकत होते, आणि वर “किती छान वास आहे” म्हणत होते.

आत जाऊन मी दार लावून घेतलं. “वन्सं, हे काय आहे?”

“काय?”

“मी बाटल्या भरायच्या आणि तुम्ही बागकाम करायचं?”

“तू काय सीआयडी हायस?”

“लाईटच्या आधीची बाटली? तीसुद्धा?”

त्या उशीची खोळ सारखी करायला लागल्या. म्हणजे तीसुद्धा. रोज रिकाम्या पोटानं आत जात होत्या आणि ‘भरलंय’ म्हणून सांगत होत्या.

“का पण?”

“पाणी लोखंडासारखं लागतं तोंडाला.” मग खाटेवर बसत, “आणि इतकी वर्षं ड्यूटीवर मी पाणी प्याले न्हाई, कुंदा. सकाळी कपभर चहा, मग घरी आल्यावर तांब्या. मधे जायचं कुठं? स्टँडवरचे संडास बघितलेस ना तू? आता एकदम घागर ओत म्हटलं तर ओतली जाते व्हय?”

हे मला पटलं. कुठल्याही बाईला पटलं असतं. प्रवास असला की मीसुद्धा आदल्या रात्रीपासून पाण्याला शिवत नाही. आमच्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवत नाही. पदर घ्यायची सवय लागते तशी हीही लागते. मला वाटलं, सापडलं कारण. सवय आहे, मोडता येईल.

पण मोडायची कशी? आडदांड बाई, नाक दाबून तर पाजता येत नव्हतं. घरी फोन करावा तर नवरा म्हणणार, ‘तू आहेस ना तिथं?’ मी तिथं होते, हीच तर अडचण होती. चिकटलेली खिडकी, दोन खाटा, आणि गुरुवार. मग तोंडाला येईल ते बोलले.

“वन्सं, पैज लावा. उद्यापासून तुम्ही जेवढं प्याल तेवढं मी पिणार. घोटाला घोट. लाईटच्या आधीचंही. बाकावर शेजारी बसायचं. जी आधी उठून संडासला जाईल ती हरली.”

वन्संनी कितीतरी दिवसांनी मान वर केली. “तू? अगं, तुझ्या लग्नात तुला मांडवातनं दोनदा उठवून न्यावं लागलं होतं.”

“ते तेव्हा. लावता का बोला.”

“आणि हरलीस तर?”

“तर बाटल्या खुशाल चहाला घाला. मी चकार शब्द काढणार नाही. डॉक्टरांनासुद्धा सांगणार नाही.”

“शपथ?”

“शपथ.”

दोन बाळंतपणं झालेल्या बाईनं अशी शपथ घेऊ नये. पण तोंडातून गेलं होतं.

मंगळवारी सकाळपासून आम्ही प्यायला सुरुवात केली. एक घोट त्या, एक घोट मी. त्या तोंड वाकडं करत होत्या, मीही करत होते, सोबत म्हणून. दुपारी लाईटच्या वेळेला बाकावर बसून शेवटची बाटली प्यालो. त्यांनी माझी बाटली उजेडात धरून बघितली, तळाशी राहिलेलं पाणी दाखवलं, आणि ते प्यायला लावलं.

लाईटच्या खोलीचं दार लोखंडी, जाडजूड. त्याच्यावर लाल दिवा. समोर लांब बाक. बाकावर माझ्या पलीकडं बिस्मिल्लाबी बसलेल्या. अक्कलकोटकडच्या, चिमणीएवढ्या, पण तोंड अखंड चालू. त्यांचंही तेच दुखणं, तेच औषध. बाकावरच्या सगळ्याच बायका पाणी भरून बसलेल्या. ताठ, गुडघे जुळवलेले, हात मांडीवर. कुणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं, फोटो काढायला बसल्यात.

नंबर आता येणार, तेवढ्यात वीज गेली आणि आली. लाल दिवा विझला. समाधान बाहेर आला.

“मशीन परत सुरू करायला वेळ लागंल जरा. ज्यांना जायचंय त्या जाऊन या. पण मग परत पाणी, परत पाऊण तास. नंबर शेवटी.”

कुणी हललं नाही. शेवटी गेलं तर शेवटची गाडी चुकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वन्संनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. मी पेशंट नव्हते. मला कधीही उठून जाता आलं असतं, आणि त्या अख्ख्या बाकावर मीच एकटी अशी होते जिला उठता येत नव्हतं.

वेळ जाईना. पंखा गरगरत होता. कुठं तरी एक नळ गळत होता, टप टप टप, आणि बाकावरच्या सगळ्या बायका त्या नळाला मनातल्या मनात शिव्या देत होत्या.

“कुणी तरी त्याला बंद करा गं,” पलीकडून एक जण कण्हली.

“जाणार कोण?” वन्सं म्हणाल्या. “जी उठंल तिचा कार्यक्रम होईल.”

बाक थोडासा हादरला. हसू येत होतं, पण हसायचं नव्हतं.

तेव्हा बिस्मिल्लाबी बोलल्या. “आमच्याकडं नळाला पाच दिवसानी पाणी येतंय बघा. मी मालकाला सांगितलं, असंअसं हाय, पाणी भरून घेऊन बसायचं म्हणतेत. तर मालक म्हणतेत, एवढं भरलंच हैस तर घरला घेऊन ये. कपडे तर निघतील.”

आधी वन्सं हसत सुटल्या. मग सगळा बाक. कुणी पोट धरलं, कुणी “या अल्ला, नको हसवू” म्हणालं, ती बहुतेक बिस्मिल्लाबीच, स्वतःलाच. मी ओठ दाबले, पायाला पाय आवळला, डोळे मिटून माझी अर्धी राहिलेली बाही आठवली. आणि काही उपयोग झाला नाही. एकदा सुरू झालं ते थांबेना. पातळ, परकर, बाक, आणि बाकाखालून फरशीवर एक ओघळ, थेट लोखंडी दाराच्या दिशेनं, जसा काही माझाच नंबर होता.

हसणं बंद झालं. पलीकडं पुरुषांच्या बाकावरची दोन-चार डोकी वळली. मला जमीन दिसत होती, ओली. माझ्या मनात लाजेच्या आधी दुसरंच आलं: हरले. आता वन्सं पाणी पिणार नाहीत, मी बोलू शकणार नाही, गुरुवारी औषध बंद होणार. माझ्या पिशवीत पाऊण तास राहिलं नाही म्हणून.

आणि मग तो आवाज आला. डेपोतून सुटणाऱ्या गाडीच्या दारातला.

“पुढं सरका, पुढं सरका! काय बघायचंय हितं? कधी बाईमाणूस बघितलं न्हाई? ओ टोपीवाले, माना तिकडं!”

अख्खा बोळ सरकला. खरंच सरकला. वन्संनी आपल्या खांद्यावरची चादर काढून माझ्या मांडीवर टाकली, कडेनं खोचली. समाधान फडकं आणि बादली घेऊन आला. एक शब्द न बोलता खाली बसून पुसायला लागला. वन्सं त्याच्या खाली घातलेल्या मानेकडं बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

लाल दिवा लागला. “मालन काशीद,” आतून हाक आली.

“तू हितंच बस,” मला म्हणाल्या. “जाऊन येते.” आणि भरल्या पोटानं, पावलं जपून टाकत, त्या दारातून आत गेल्या. दार बंद झालं.

संध्याकाळी धर्मशाळेच्या नळावर त्यांनी माझं पातळ माझ्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतः पिळायला लागल्या. मी म्हणाले, “हरले मी, वन्सं.”

“कशी काय?”

“कशी म्हणजे? दिसलं ना सगळ्यांना.”

“पैज काय होती? जी आधी उठंल ती हरली.” त्यांनी पातळ झटकलं. “तू उठलीस कुठं? बसूनच होतीस की.”

मी हसले, मग रडले, मग दोन्ही. वन्सं पातळ दोरीवर टाकत राहिल्या, पाठ माझ्याकडं करून.

“लाईटच्या दुसऱ्या दिवशी,” त्या म्हणाल्या, “माझं झालं होतं. आत. टेबलावर. मशीन फिरत होतं आणि तो वरनं म्हणत होता, हलू नका मॅडम, थोडंच राहिलंय. हलले न्हाई. नियम म्हणजे नियम. तसंच झालं, आडव्या आडव्या, दिव्याखाली.”

मी परकर पिळायला घेतला.

“आत येऊन त्यानं पुसलं. चादर बदलली. ज्याला मी माळावर उतरवलं, त्यानं. काय म्हणाला ठाऊक हाय? होतं मॅडम, सगळ्यांचं होतं.” चिमटा लावताना त्यांचा हात थांबला. “मला वाटलं, समजूत काढतोय. सगळ्यांचं होतं म्हणे. मी तर कुणाचंच बघितलं नव्हतं.”

मग त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. “आज बघितलं.”

नळाखाली धरलेली बाटली त्यांनी भरली आणि तिथंच उभ्यानं, घटाघटा, माझ्या डोळ्यादेखत संपवली. तोंड वाकडं केलं. परत भरली.

गुरुवारी क्रिएटिनिन उतरलं होतं. डॉक्टर सुखटणकर रिपोर्टकडं आणि वन्संकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. “काय केलंत?”

“मीठ बाकी हाय तुमचं,” वन्सं दंड पुढं करत म्हणाल्या. “लावा लवकर. ऊन जायच्या आत.”

ठरलेल्या सगळ्या लाईटी झाल्या, ती लांबलेली धरून सगळ्या सलाईनी झाल्या. गवती चहा वाळला. वॉचमनकाका त्याबद्दल बरेच दिवस हळहळत होते.

आमच्या घरात मात्र या गोष्टीनं वेगळंच वळण घेतलं. बिस्मिल्लाबींच्या तोंडून ती कशी कशी आमच्या गावापर्यंत आली, आणि माझ्या नवऱ्यानं ती पुढं वाढवली. नणंदेचा संकोच मोडावा म्हणून कुंदानं भर हॉस्पिटलात, चारचौघात, मुद्दाम... असं. पाहुण्यांसमोर, लग्नात, बारशात. बायका माझा हात धरून डोळे पुसायच्या. एकदोनदा मी “अहो, तसं नव्हतं ते” म्हणून बघितलं, तर ‘बघा किती साधी आहे’ म्हणून आणखी कौतुक. शेवटी मी सोडून दिलं. आयतं थोरपण मिळालं होतं, ते अंगावर घट्ट बसलं होतं, आणि ते उसवायला कुणी टाका दिसू देत नव्हतं.

वन्सं समोर असल्या की यावर काही बोलायच्या नाहीत. तेच मला खात राहायचं. त्यांनाही तसंच वाटत असेल, तर त्या इतकी वर्षं माझ्या उपकाराखाली राहिल्या, आणि तो उपकार मी केलेलाच नव्हता.

परवा त्यांना वार्षिक तपासणीला घेऊन गेले. त्या आता रिटायर झाल्यात, पण एसटीत बसल्या की कंडक्टरच्याच बाजूच्या सीटवर. सगळं ठीक निघालं. परतीच्या गाडीत मी धीर केला.

“वन्सं, एक सांगू? तेव्हा बाकावर... मी मुद्दाम नव्हतं केलं. मला खरंच धरवलं नाही.”

“ठाऊक हाय की.”

“कधीपासून?”

“तवापासून. तुझं तोंड बघितलं होतं मी. मुद्दाम करणारीचं तोंड तसं नसतं.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “आणि मुद्दाम केलं असतंस ना, कुंदा, तर त्याच पावली उठून मी संडासला गेले असते. पैज हरले असते, पण तुझी दया घेऊन आत गेले नसते.”

पिशवीतून त्यांनी बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढं धरली.

“पी.”

“आत्ता? अजून दोन तास आहेत, वन्सं.”

“पी म्हणते ना,” त्या म्हणाल्या, आणि गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात पुढं ओरडल्या, “ओ ड्रायव्हरसाहेब, पुढच्या पंपावर गाडी घ्या बाजूला. बायकांना उतरायचंय.”